इंतिसार मावशीची मान

"तिच्या मानेवर विश्वास ठेवू नकोस," असं सासूबाई मला सांगत होत्या तेव्हा मी मक्लूब्याच्या भातासाठी वांगी तळत होते आणि माझं अर्धं लक्ष कढईत होतं. "इंतिसार मान हलवते ती 'हो' म्हणायला नाही. 'दिसतंय मला तुझं तोंड, बोल पुढे' म्हणून हलवते. तिच्याशी काही ठरवायचं असेल ना, तर तिला हातांनी बोलू दे."

"आत्या, आता मानेचेही अर्थ शिकायचे का?" मी हसले. "मान खाली म्हणजे हो, हनुवटी वर करून जिभेने 'च्चक' केलं म्हणजे नाही. एवढं तर जूदलाही कळतं."

जूद माझी मुलगी. तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती.

इंतिसार मावशी आमच्या शेजारी, खालच्या अंगाला राहायच्या. जन्मापासून बहिऱ्या, लग्न न केलेल्या, वडिलांच्या घरात एकट्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, दारावर घंटेऐवजी दिव्याचं बटण. गावातल्या निम्म्या नवऱ्यांच्या विजारी त्यांनी आखूड केलेल्या. कोणाचं पोट किती सुटलं ते त्या गाल फुगवून असं दाखवायच्या की हसता हसता माझ्या हातातला मरमिय्याचा पाला घातलेला चहा सांडायचा.

जूदला ऐकू येत नाही हे डॉक्टरांच्या आधी त्यांनीच ओळखलं. त्यांच्या ओट्यावरून पातेल्याचं झाकण पडलं होतं. मावशींनी मला बोट दाखवून खांदे उडवले: तू दचकलीस. मग जूदकडे बोट, आणि तळहात सपाट, स्थिर: ही नाही. मी त्यांच्यावर चिडले, दोन आठवडे खाली गेले नाही. मग अम्मानच्या दवाखान्यात तपासणी झाली, आणि परत आल्यावर मी आधी त्यांच्याच दाराचा दिवा लावला. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे हातांची भाषा शिकायला बसू लागले. मला काही झालं तर या मुलीचं कसं, हा एकच विचार डोक्यात घेऊन.

मावशींचा भाऊ मुफ्लिह, आम्ही त्याला अबू लैस, म्हणजे लैसचा बाप, म्हणतो, जशी मी उम्म जूद, जूदची आई. तो उम्म झैतून गावात राहतो. वाईट माणूस असं मला म्हणता येत नाही. थंडीत बहिणीसाठी तेलाचा डबा आणायचा, संत्र्यांची पेटी आणायचा. पण त्याला वडिलांचं घर पाडून तिथे चार मजले चढवायचे होते आणि घराचा अर्धा हिस्सा मावशींच्या नावावर. त्याने विचारलं, त्यांनी हनुवटी वर केली. पुन्हा विचारलं, पुन्हा हनुवटी वर. तेव्हा त्याने न्यायालयात अर्ज केला: बहिणीला व्यवहार कळत नाही, मला तिचा पालक नेमा.

पालक नेमला की संपलं. घर विकायचं, कुठे राहायचं, यंत्र ठेवायचं की काढायचं, सगळं तो ठरवणार. मावशींची सही मग रेघोटीच्या किमतीची.

मी कायदा काढून वाचला. फक्त अपंग आहे म्हणून कोणाचा हक्क काढून घेता येत नाही. न्यायालयात बहिऱ्या माणसाला त्याच्या भाषेचा दुभाषी मिळालाच पाहिजे. मी ते हातांनी, जमेल तसं, मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "लिहिलेलं आहे." खरं सांगायचं तर ते मी जूदसाठीही वाचत होते, आणि कितीतरी दिवसांनी मला त्या रात्री झोप लागली.

सुनावणीला मावशींनी स्वतः शिवलेला निळा कोट घातला होता. जूदला सांभाळायला त्या दिवशी घरी कोणी नव्हतं, ती माझ्या कडेवर.

दुभाषी आलीच नव्हती. आमच्या भागातल्या न्यायालयांना मिळून ती एकच बाई, आणि ती बाळंतपणाच्या रजेवर.

"मग तारीख द्या, काझीसाहेब," मी म्हटलं. "दुभाषीशिवाय जबाब घेता येत नाही."

"तू वकील आहेस का, मुली?"

"शेजारीण आहे. मला थोडी खुणांची भाषा येते. मी सांगू का त्यांना?"

"तू त्यांच्या बाजूची. तुझं कसं चालेल?" काझी म्हातारे होते, आवाज मऊ. ते अबू लैसकडे वळले. "तुमची बहीण कशी बोलते घरी?"

"ओठ वाचते, साहेब! लहानपणापासून. बहिऱ्यांच्या शाळेत पहिली यायची."

अबू लैस बाजूचा नव्हता म्हणे.

आणि ते खोटंही नव्हतं, हीच पंचाईत. त्या शाळेत हात हलवले की पट्टी बसायची. ओठ वाचून मान हलवली की खारीक मिळायची. मावशी साठीला आल्या तरी वर्दीतला माणूस, काळ्या झग्यातला माणूस समोर आला की पाठ ताठ करून शाळेतल्या मुलीसारखं त्याच्या तोंडाकडे बघायच्या. आणि काझींच्या तोंडावर मिशा, मिशांखाली दाढी. तिथे वाचायला ओठ होते कुठे?

"भावाने तुमची काळजी घ्यावी, तुमचे व्यवहार बघावेत, हे मान्य आहे?" काझींनी सावकाश, मोठ्या तोंडाने विचारलं.

मावशींनी हसून मान हलवली.

"लिहा," काझी कारकुनाला म्हणाले.

"नाही नाही!" मी उभी राहिले. "हा होकार नाही. त्या सगळ्यांनाच मान हलवतात. त्याचा अर्थ 'बोला पुढे' एवढाच."

"मुली, इथे मान म्हणजे मान."

जवळजवळ हेच मी आमच्या स्वयंपाकघरात हसत म्हटलं होतं. "मग दुसरं काहीही विचारा त्यांना. वाटेल ते. बघा तुम्ही."

काझींनी कारकुनाला हाताने थांबवलं. अबू लैसने मात्र संधी सोडली नाही. तो बहिणीसमोर गेला, आणि तिच्यासमोर नेहमी बोलायचा तसा न बोलता, दातांवर दात ठेवून पुटपुटला, "इंतिसार, तू आज चंद्रावरून आलीस ना गं? गाढवावर बसून?"

मावशींनी त्याच्याकडे बघून मान हलवली. दोनदा. भाऊच तो, त्याच्याशी कसली भीती.

कारकून फिसकन हसला. दाराशी उभा असलेला शिपाईही हसला. मावशींना वाटलं, काहीतरी चांगलं बोललं गेलं. त्याही हसल्या.

"बघितलंत?" मी म्हटलं. मी जिंकले होते असं मला वाटत होतं. "बघितलंत, काझीसाहेब?"

"बघितलं," काझी म्हणाले. ते हसत नव्हते. बराच वेळ ते मावशींकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात खरोखर माया होती, म्हणून मला जास्त भीती वाटली. "बिचारीला काहीच कळत नाही. चंद्रावरून आले म्हणते. हिला कोणी एकटी कशी राहू दिली इतकी वर्षं?"

"तसं नाही, त्यांना प्रश्न दिसलाच नाही! हातांनी विचारा, लिहून विचारा. त्या लिहितात, हिशेब करतात, अख्ख्या गावाची मापं त्यांना..."

"बस. वैद्यकीय समिती तपासेल. तोवर भाऊ तात्पुरता पालक." त्यांनी फाइल पुढे ओढली आणि शिक्का इतक्या जोरात मारला की कारकुनाच्या टेबलावरचा ग्लास हलला. सगळे दचकले. मावशी आणि माझी मुलगी सोडून.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना हातांनी सांगितलं. माझी बोटं चुकत होती. 'पालक'ची खूण मला येत नव्हती म्हणून मी लहान मुलाचा हात धरतात तसा हवेत हात धरला. त्यांनी आधी जूदकडे पाहिलं, त्यांना वाटलं मी तिच्याबद्दल बोलतेय. मग कळलं. त्यांनी हनुवटी अशी वर केली की मानेच्या शिरा दिसल्या, आणि जिभेने 'च्चक' केलं. तो आवाज त्यांना कधीच ऐकू आलेला नाही, पण त्या व्हरांड्यात तो सगळ्यांना ऐकू गेला. पुन्हा. पुन्हा. न्यायालयाच्या बंद दाराकडे तोंड करून.

"चल, घरी चल," अबू लैसने बहिणीचा दंड धरला. "बाई, तुमच्यामुळे बरं झालं हो," तो मला म्हणाला, आणि टोमणा नव्हता तो. "माझ्याच्याने ते काझींना पटवून द्यायला दोन तारखा गेल्या असत्या."

त्याच आठवड्यात तो त्यांना उम्म झैतूनाला घेऊन गेला. यंत्र गाडीत चढलं नाही. दाराला कुलूप लागलं. सुरुवातीला आम्ही फोनवर एकमेकींना बघून बोलायचो. मावशींच्या मागे कायम कोणीतरी उभं असायचं. एकदा त्यांनी हात छातीजवळ घेऊन, लहान, चोरटे हातवारे करत विचारलं, "तारीख?" मी म्हटलं, अपील करायचंय, वकील बघितलाय, तुमच्याच हातचा, तुमच्या सहीचा कागद लागतो. त्यानंतर फोन अबू लैसची सून उचलू लागली. "झोपल्यात." "नमाजाला बसल्यात." "बऱ्या आहेत हो, उम्म जूद, तुम्ही कशाला त्रास घेता?"

मी बसने गेले. सुनेने दारातच कॉफी दिली, कप रिकामा होईतो उभी राहिली, आणि आत घेतलं नाही. नवऱ्याने, मुअय्यदने, नंतर माझ्याशी भांडण केलं: "लोकांच्या घरातल्या भानगडीत आपण किती पडायचं? आपल्या मुलीच्या कानाचं ऑपरेशन तोंडावर आलंय." त्याचंही खरं आहे. जूदला पुढच्या आठवड्यात अम्मानला दाखल करायचंय, मला तिथून हलता येणार नाही, आणि अपिलाची मुदत तेवढ्यात संपते.

जूद आता मान हलवायला शिकलीय. डॉक्टर काही बोलले की ती त्यांच्या तोंडाकडे बघून गोड मान हलवते, आणि सगळे म्हणतात, किती शहाणी. मी तिचा चेहरा हातात धरून माझ्याकडे वळवते आणि हातांनी विचारते, काय कळलं? ती नुसती बघते.

म्हणून हे लिहितेय. तुमचं कोणी उम्म झैतूनात असेल, किंवा येत्या आठ दिवसांत ऑलिव्हच्या तोडणीला तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर मशिदीच्या उतारावर, टायरच्या दुकानामागे अबू लैसचं घर विचारा. पुढच्या दाराने जाऊ नका, सून उघडेल. मागच्या गच्चीवर मावशी सकाळी कपडे वाळत घालतात असं शेजारच्या बाईने मला सांगितलंय. खाली उभं राहून ओढणी, रुमाल, काहीही हलवा, त्यांची नजर फार तेज आहे. सोबत कागद आणि पेन न्या. कशा आहात ते विचारा, जेवण नीट मिळतं का विचारा, आणि त्यांचं लिहून होईतो थांबा, घाई करू नका. तेवढं बघून, तो कागद घेऊन या. आणि मला कळवा.