खर्र्याच्या डब्यातला फोन

माझा प्रोग्राम रोज सकाळी फुगायचा आणि दुपारच्या आत मान टाकायचा. बंद करून पुन्हा चालू केला की चालायचा, पण मला असल्या मलमपट्टीची चीड आहे. का फुगतो ते कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

काम तसं साधं होतं. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडायचे असले की आमच्या मच्छीमार सोसायटीचे सचिव वीरेंद्रभाऊ यांना निरोप येतो. ते एक बटण दाबतात आणि धरणाखाली नदीत जाळी टाकून बसलेल्या प्रत्येकाच्या फोनवर भोंगा वाजतो. माझे भोजराजकाका त्यांच्यातलेच. पाणी चढायच्या आत त्यांचा डोंगा काठाला लागावा, म्हणून तर मी हा उद्योग केला होता. आता सर्व्हरच झोपला तर भोंगा काय माझा बाप वाजवणार?

वीरेंद्रभाऊंनी फोनवर सुनावलंच, "रक्षा, आनखी एकदा बंद पडला तं मी सगळ्यायले सांगून टाकतो, याच्या भरोशावर राहू नोका म्हनून."

मी भंडाऱ्याच्या घरी मांडी ठोकून बसले आणि मेमरीचा आलेख उघडला. मेमरी म्हणजे सर्व्हरची कामापुरती जागा. एक फोन जोडला की थोडी जागा अडते, तुटला की सुटते. इथे नुसती अडतच होती. सकाळी डोंगे निघाले की रेघ चढायची. बाजाराच्या दिवशी कोणी नदीवर जात नाही, त्या दिवशी रेघ सपाट. म्हणजे घोळ नदीवर होता, आणि मला आता मजा यायला लागली होती.

नोंदी चाळल्या. काकांचा फोन एकाच सकाळी पुन्हा पुन्हा जोडला गेला होता, पण तुटल्याची खबर त्यानं एकदाही दिली नव्हती. नुसताच गायब व्हायचा. आणि सर्व्हर बिचारा प्रत्येक जुन्या जोडणीची जागा राखून बसायचा. पंगतीतून पाहुणा उठून गेला आणि त्याचं पान कोणी उचललंच नाही, तसं. काका नदीवरून घरी आल्यावर मी त्यांना फोन लावला.

"काका, नदीवर फोन काहून बंद करता?"

"बंद नाई करत वं. स्टीलच्या डब्यात ठेवतो. पान्यात पडला तं दुसरा कोन घेऊन देईन?"

"मग घडीघडी बाहेर कायले काढता?"

काका काही सांगायच्या आत मागून सत्यवतीकाकूंचा आवाज आला, "फोन नाई काढत, खर्रा काढते! यायचा खर्राबी त्याच डब्यात रायते."

मी पोट धरून हसले. स्टीलच्या बंद डब्यात रेंज शिरत नाही. झाकण उघडलं की फोन जोडला जायचा, तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात गेला की झाकण बंद आणि फोन गायब! सगळ्या नदीची हीच रीत. माझ्या सर्व्हरला काकांच्या खर्र्यानं फुगवलं होतं.

त्याच दिवशी इलाज केला. सर्व्हरनं थोड्या थोड्या वेळानं प्रत्येक फोनला विचारायचं, आहेस का? उत्तर आलं नाही तर जागा मोकळी. दुसऱ्या सकाळी रेघ सपाट राहिली. मी स्वतःची पाठ थोपटली, चहा ठेवला, आणि तो गाळता गाळता सहज पडद्याकडे पाहिलं. तिथे जोडलेल्या प्रत्येक फोनचा हिरवा ठिपका दिसतो.

एकच ठिपका होता. वीरेंद्रभाऊंचा, आणि ते काठावर होते.

आधी रोज इथे सगळं हिरवंगार दिसायचं. ते हिरवे ठिपके खोटे होते. डोंगे नदीत, फोन डब्यात, म्हणजे प्रोग्राम धडधाकट असता तरी भोंगा कोणालाच वेळेत ऐकू गेला नसता.  चहा तसाच ठेवून मी स्कूटी काढली.

घाटावर पोचले तेव्हा काका जाळं झटकत होते. मी त्यांच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि वीरेंद्रभाऊंना चाचणीचं बटण दाबायला लावलं. आम्ही तिघं डब्याकडे बघत उभे राहिलो. काही नाही. मग मी झाकण काढलं. खर्र्याच्या पन्नीखाली फोननं रेंज पकडली आणि असा बोंबलला की काठावरचे बगळे उडाले.

काका हसले नाहीत. "म्हंजे पोरी, येवढे दिवस आमी कोनाच्या भरोशावर होतो वं?"

मला लाज वाटली, आणि भीतीही.

काकांच्या फोनसाठी सत्यवतीकाकूंची लोणच्याची प्लास्टिकची बरणी त्या दिवशी रिकामी झाली; प्लास्टिक रेंज अडवत नाही. इतरांनीही घरोघरी बरण्या शोधल्या. दुसऱ्या दिवशी ठिपके एकेक करून उगवले आणि डोंगे मधल्या धारेला गेले तरी हिरवेच राहिले. मी कामधाम सोडून ते बघत बसले.

त्याच आठवड्यात दरवाजे उघडायचा खरा निरोप आला. वीरेंद्रभाऊंनी बटण दाबलं. मी काकांना फोन लावला तर घंटा नुसती वाजत राहिली. मी पुन्हा पुन्हा लावला. शेवटी त्यांनी उचलला.

"काहून घाबरून राहिली? भोंगा आयकून जाळं वढत होतो," काका धापा टाकत म्हणाले. "फोनले लोनच्याचा वास येऊन राहिला, पन काठावर आहो."