ओढ्याकाठच्या कापसीचं गाऱ्हाणं

“साल काढायच्या आधी हिला हात लावून इचारायचं. दोन फांद्या घ्यायच्या, तिसरी ठेवायची.” सरुबाईने आपल्या नव्या सुनेला, सिंधुबाईला, माझ्यापुढे उभं करून हे सांगितलं होतं. त्याला आता पस्तीस वर्षं झाली.

मित्रांनो, मी एक जुनी कापसी आहे. नाशिक जिल्ह्यात, पेठकडच्या डोंगरात, एका ओढ्याच्या काठावर माझं झुडूप उभं होतं. मला कुणी लावलं नाही. एका बुलबुलाने फळ खाल्लं आणि बी इथे पडलं. माझी पानं वरून खरखरीत हिरवी, खालून राखेसारखी पांढरट. थंडीत माझ्या फांद्यांना बारीक तुतीसारख्या पिवळ्या-नारिंगी फळांचे झुबके लगडतात. खाजोटी माझ्याच कुळातली. तिला हात लागला की अंगाची आग होते, गांधी उठतात. मी मात्र कधी कुणाला चावले नाही. गावातल्या बायकांना हे ठाऊक होतं.

सिंधुबाई सासूचा शब्द पाळत आली. ‘घेते गं बाई’ म्हणायची आणि मगच कोयता लावायची. माझी साल भिजवून, कुटून तिने दोर वळले. त्या दोरांनी वासरं बांधली, शिंकाळी टांगली. हिचा दोर लय टिकतो, असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची. पुढे बाजारातून नायलॉनची दोरी आली आणि तिचं माझ्याकडे येणं थांबलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. माझी मुळं ओढ्याची दरड धरून होती, सिंधुबाईची नात पायल फळं खायला यायची. तेवढं मला पुरे होतं.

यंदाच्या चातुर्मासात सिंधुबाईने कडक नेम धरला. सकाळी उठल्यापासून ओढ्याकाठच्या महादेवाला पाणी घालेपर्यंत मौन. हातवारे नाहीत, मानेची खूणसुद्धा नाही.

परवा, ऐन आश्विनात, पायलच्या पायांना खाजोटी लागली. पोर फार तळमळली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा बाप गोरक्ष कोयता आणि पहार घेऊन आला. खाजोटी उपटून झाली आणि तो माझ्यापुढे थांबला. तेवढ्यात सिंधुबाई तांब्या भरायला आली.

“आये, ही पण तीच ना?” त्याने विचारलं.

मी निश्चिंत होते. मला ओळखणारी बाई समोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गोरक्षला तो होकार वाटला. कोयता बसला तेव्हा ती महादेवाच्या वाटेला लागली होती. मित्रांनो, कोयता मी सोसला असता. तिचं ते पाठमोरं चालणं मला सोसलं नाही.

पाणी घालून ती परत आली, तोवर माझा बुडखाच उरला होता.

“ती कापसी होती रे,” ती म्हणाली. “ती नाय चावत.”

“मग मघाशी का नाय बोलली?”

“मौन होतं माझं. देवाला शब्द दिलेला.”

“देवानं कुठं इचारलं होतं, आये? इचारलं मी होतं.”

सिंधुबाईने रिकामा तांब्या खाली ठेवला आणि माझ्या बुडख्याला हात लावला.

गोरक्ष मग हळू आवाजात म्हणाला, की उद्या सकाळी गावातला महेश आणि बाकीची पोरं वरचा ओढा साफ करणार आहेत. दिसेल ते झुडूप तोडा, असं आपणच त्यांना सांगून बसलोय आणि आता आपल्याला तर पहाटेच्या गाडीने नाशिकला जायचंय. लंगडत आलेल्या पायलने हे ऐकलं. वर माझ्या बारा-तेरा बहिणी आहेत.

“आजी, तू त्यांना सांगशील?”

“सांगीन,” सिंधुबाई म्हणाली.

मी तिला क्षमा केली का? नाही, अजून नाही. उरलेली मुळं दुखतात. मित्रांनो, तुम्ही नेम जरूर धरा, मनोभावे पाळा. पण ज्याची ओळख तुमच्यापाशी आहे, त्याच्यावर कुणी कोयता उगारला तर तुमचं तोंड उघडं असू द्या. आम्हा झाडांना जन्माचंच मौन असतं.

आज तांबडं फुटताना सिंधुबाई आली. महादेवाच्या पायरीवर तिने भरलेला तांब्या पाणी न घालता तसाच ठेवला, हात जोडले, काल पडलेल्या माझ्या फांदीचं एक पान पदरात घेतलं आणि ओढ्याच्या कडेकडेने वर चालू लागली.