दुसरी घागर

छगनच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे प्रकाशा गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण एक गोष्ट त्यानं गावात कधी काढली नव्हती. ती त्याच्या धाकट्या बहिणीची, तापीबाईची होती. तिचा नवरा तिला गुरासारखा मारायचा. एका पावसाळ्यात नाव उलटली आणि तो तापी नदीच्या पुरात गटांगळ्या खाऊ लागला. काठावर तापीबाईच्या हातात दोर होता. तिनं तो टाकला नाही. हे तिनं फक्त भावाला सांगितलं, आणि भावानं पंचवीस वर्षं तिला घरात मानानं ठेवलं. तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

तेव्हा छगन जंगल खात्यात विल्मट साहेबाचा पट्टेवाला होता. साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकून त्याच्याकडून अहिराणी शिकायचा. शिकवता शिकवता या शहाण्यानं बहिणीची गोष्ट साहेबाला सांगून टाकली. साहेबाचा मुलूख सात समुद्रांपलीकडे, तिकडं गेलेलं बोलणं इकडं कशाला परत येतंय, असा त्याचा हिशेब.

साहेब पुढं नोकरी सोडून गेला. छत्तीस साली गावचेच, पण धुळ्याच्या शाळेत असलेले बन्सीलाल मास्तर त्याचं चरित्र छापलेलं मासिक घेऊन आले. घड्याळजीचा मुलगा, कॉलेजात दोनदा नापास, मग खानदेशच्या जंगलात तीन वर्षं. लंडनला परतल्यावर पहिली दोन नाटकं साफ पडली. तिसरं दोन वर्षं चाललं आणि राजानं बोलावून पदक दिलं.

"मन्हाच सायेब शे तो," छगन ज्याला त्याला सांगत सुटला. ते तिसरं नाटक मिळवून मराठीत करून वाचाच, अशी मास्तरांना गळ त्यानंच घातली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, चावडीपुढं सगळा गाव जमला. पुढच्या सतरंजीवर बहिणीला बसवली तीही त्यानंच.

पहिल्या अंकात मार खाणारी बाई आली. दुसऱ्यात पूर आला आणि दोर आला. बाईचं नाव वेगळं आहे, गाव वेगळं आहे, निभेल, असं छगन मनाशी घोकत राहिला.

तिसऱ्या अंकात ती विधवा सणाला नवऱ्याच्या नावाची घागर भरते. नदी दारात असून पाणी मात्र विहिरीचं आणते.

मास्तर वाचत राहिले. बायकांची कुजबुज थांबली. आखाजीला मेलेल्यांच्या नावानं घागर घरोघर भरली जायची, पण सगळ्या गावात विहिरीचं पाणी भरणारी एकटी तापीबाई होती. का, ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही. शेजारघरची दगूबाई तापीबाईजवळून उठली आणि पलीकडे जाऊन बसली.

शेवटी नाटकातली बाई नदीत उडी घेते. टाळी कुणीच वाजवली नाही. तापीबाई शेवटच्या ओळीपर्यंत बसून होती.

घरी आल्यावर छगन ओशाळून उंबऱ्यावरच थांबला. तापीबाईनं चूल पेटवली, पीठ मळलं, आणि मग मान वर न करता म्हणाली, "तुन्हा सायेबनी तिले मारी टाकं. मी आजून जित्ती शे, हाई त्याले सांगं नही का तू?"

छगन न जेवताच ओट्यावर जाऊन पडला.

सकाळी तो उठला तेव्हा तापीबाई नदीवरून येत होती. पंचवीस वर्षांत ती तापीचं पाणी प्रथमच आणत होती, तेही सगळ्यांच्या दारांवरून. तिनं देवाजवळ गव्हाच्या राशीवर नवऱ्याच्या नावाची घागर मांडली, वर खरबूज ठेवलं. मग शेजारी आणखी एक घागर मांडली.

"दुसरी घागर कोनी शे?" छगननं विचारलं.

"मन्हा भाऊनी," ती म्हणाली, आणि हळदकुंकू वाहायला लागली.