एकशे वीसची रेघ

फ्रिजच्या दारावरचा तो आलेख एखाद्या कंपनीच्या शेअरचा असावा, असे केशवरावांनी गृहीत धरले; आणि यात त्यांची चूक होती असे म्हणता येणार नाही. बाजार खुला झाल्यापासून काचीगुड्यातल्या निम्म्या घरांत असे कागद दिसू लागले होते, आणि त्यांचा मुलगा विकास सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे आलेख काढायला त्याला निमित्तही लागत नसे. रेघ आठवडाभर घसरत होती. दोन दिवस विचार करून केशवरावांनी जेवताना मत दिले की, ही घसरण पाहता हे जवळ बाळगण्यात अर्थ नाही, काढून टाकावे.

सुनेने, गौरीने, ताटावरची नजर उचलली नाही. विकास घटाघटा पाणी प्यायला. अखेर भामाबाईंनीच नवऱ्याला सांगितले की, तो शेअर नव्हे, सुनेचे दूध आहे.

वजनमापे खात्यात तीस वर्षे निरीक्षक राहिलेला, अफझलगंजच्या एकेका तराजूशी वाद घातलेला हा गृहस्थ त्यानंतर दीड दिवस स्वयंपाकघराकडे फिरकला नाही.

प्रकरण असे होते. गौरीची रजा सोमवारी संपत होती. ती ऑफिसात असताना तीन महिन्यांच्या ऋचाला आईचेच दूध मिळावे, म्हणून अमेरिकेतल्या बहिणीने दूध काढायचा हातपंप पाठवला होता. सोबतच्या पुस्तिकेत विकासला एका वेळचे एकशे वीस मिलिलिटर हा आकडा सापडला आणि त्याने आलेखावर तिथे तांबडी रेघ मारली. गौरीची बाटली मात्र पन्नासाच्या वर जाईना. बाळ अर्धपोटी राहत असणार आणि आपल्याला ते कळतही नाही, असा तिने निष्कर्ष काढला. पुण्याची असल्यामुळे ती रडली नाही. तिने मुद्देसूद राजीनामा लिहिला आणि आलेखाखालीच लावला. रविवारपर्यंत तांबडी रेघ गाठली नाही, तर सोमवारी तो साहेबांच्या टेबलावर जाणार होता.

दीड दिवसाने केशवराव परतले ते निरीक्षक होऊन. सुनेसमोर 'दूध' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना, म्हणून ते 'सदर द्रव' म्हणू लागले. आणि गौरी चार हातांवर उभी असली तरी प्रत्येक प्रश्न भामाबाईंमार्फत विचारू लागले. पहिला आक्षेप बाटलीवर होता. तिच्यावरच्या खुणा कोणी तपासल्या? त्यांनी आपले शिक्का मारलेले माप काढले, पाणी ओतून एकेक खूण पडताळली. खुणा बरोबर निघाल्या, याचे त्यांना किंचित वाईट वाटले.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. सदर द्रव केव्हा काढला जातो? बाळाला पाजून झाल्यावर, असे उत्तर भामाबाईंमार्फत आले.

"म्हणजे गोणी रिकामी झाल्यावर तळाचे दाणे मोजायचे," केशवराव म्हणाले, "आणि गोणी लहान होती म्हणायचे."

भामाबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांना एवढ्या पडताळणीची गरज वाटली नाही. "आमच्या माहेरी एक म्हैस होती. रेडकू समोर नसलं की पान्हा चोरायची."

"अगं, सुनेला म्हैस म्हणतेस?"

"म्हैस कुठं म्हटलं? म्हशीला अक्कल होती म्हटलं. ती प्लॅस्टिकला फसली नसती."

आठ दिवसांत गौरी पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी केशवरावांचे जुने प्रतिवादी, मसाल्याचे व्यापारी हणमंतराव, यांचा तराजू रिक्षातून घरी आला. पारड्याला वेलदोड्याचा वास होता. ऋचाला अंगावरच्या कपड्यांसह त्यात ठेवले आणि दुसऱ्या बाजूला वजने टाकून काटा सरळ केला. मग मायलेकी आतल्या खोलीत गेल्या आणि पुरुषांची रवानगी गॅलरीत झाली. बारा मिनिटांनी बाळ बाहेर आले. लंगोट ओला झाला होता. विकास तो बदलायला सरसावला, तेव्हा केशवरावांनी त्याचे मनगट धरले आणि तो पुरावा असल्याची जाणीव करून दिली.

ऋचाचे पारडे खाली गेले. दुसऱ्या पारड्यात पन्नासचे वजन पडले, आणखी एक पन्नासचे, मग दहाचे, मग पाचचे. काटा सरळ झाला.

"एकशे पंधरा," विकास म्हणाला, आणि सवयीने पुढे बोलून गेला, "म्हणजे रेघेला पाच कमी."

तिघांनीही त्याच्याकडे पाहिले.

गौरी मात्र अजून पुरती सुटली नव्हती. बाळ ओढून घेते हे खरे. पण ऑफिसात बाळ कुठून आणायचे? तिथे पंपच असणार. या प्रश्नावर केशवरावांच्या खात्याचा एकही नियम नव्हता. भामाबाईंनी ऋचाचे न धुतलेले झबले गौरीच्या मांडीवर टाकले आणि बाटलीला बाळाचे टोपडे घातले.

"याचा वास घेत बस. बाटलीकडे बघायचं नक्को."

दुपारी, पाजण्याच्या वेळेला, आधी न पाजता गौरी तशी बसली. टोपडे काढले तेव्हा पंच्याऐंशी होते. एकशे वीस नव्हते. पण केशवरावांनी हिशेब मांडला: ऑफिसात दोनदा पंच्याऐंशी, सकाळचे तळाचे पंचेचाळीस, गौरीच्या गैरहजेरीत बाळाला लागणार दोनदा एकशे पंधरा. पंधरा कमी पडत होते.

"ते संध्याकाळी तीच वसूल करील," भामाबाई म्हणाल्या. "आजोबांवर गेलीय."

संध्याकाळी गौरी फ्रिजपाशी गेली. आलेख काढलेला होता. राजीनाम्याच्या समासात तांबड्या शाईने, वळणदार अक्षरात शेरा होता: 'मापनपद्धती सदोष. सबब अर्ज अग्राह्य.' खाली सही, तारीख.

केशवराव दारात उभे होते. भामाबाई गच्चीवर गेल्या होत्या. निरोप पोचवायला घरात कोणी नव्हते.

"गौरी," ते म्हणाले, "सदर..." आणि थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "दूध पुरेसं आहे. तू उद्या जा."

मग ते घाईघाईने तराजू परत करायला निघाले. हणमंतरावांचे दुकान रविवारी दुपारनंतर बंद असते, हे त्यांना जिन्यावरून उतरल्यावर आठवले. पण ते लगेच वर आले नाहीत.