पाण्यातल्या मुंग्या

जळकोटात माझ्या हातच्या वायरिंगची शे-दीडशे घरं असतील. कुणाकडे दिवा लागला नाही की आधी मला फोन येतो आणि मी दोन शिव्या हासडतच जातो. प्रेमानंदचं काम चोख, तोंड तेवढं खराब, असं लोक म्हणतात. तोंडाचं खरं आहे. कामाचं सांगतो.

मथुराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण. तिची पौर्णिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा जावयानं सोलापुरातून विजेवर चालणारा शॉवर पाठवला. नळ सोडला की त्यातूनच कढत पाणी. बंब नको, सरपण नको, धूर नको. आत्या हरखून गेली. मी तासाभरात तो बसवून दिला.

अशा यंत्राला नीट अर्थिंग लागतं. अंगणात खोल खड्डा खणायचा, मीठ-कोळसा घालून त्यात पत्रा पुरायचा आणि त्याला तार जोडायची. मग यंत्रातून वीज गळली तरी ती जमिनीत जाते, माणसातून जात नाही. पण आत्याच्या अंगणात नुसता मुरूम, वर मे महिन्याचं ऊन. मी ती तार न्हाणीतल्या लोखंडी नळाला गुंडाळून मोकळा झालो. जुन्या घरांत असं पुष्कळ जण करतात, कारण लोखंडी नळ पुढं जमिनीत गेलेला असतो. आत्याकडे मात्र वर्षापूर्वीच प्लॅस्टिकची नवी लाइन आली होती. भिंतीबाहेर हातभर लोखंड, पुढं सगळं प्लॅस्टिक. मला ते दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण काम संपवून पायरीवर चहा पीत बसलो तेव्हा तो पाइप माझ्या पायाशीच होता.

आठवड्याभरात बोर्डावरचा ट्रिप स्विच पडायला लागला. वीज गळायला लागली की तो पडतो, त्याचं कामच ते. पण बाळंतिणीच्या डोक्याला शिकेकाई आणि पाणी एकदम गार, म्हणून आत्याचे फोनावर फोन. तिसऱ्या फोनाला माझं डोकं फिरलं. तणतणत गेलो आणि तो स्विच वगळून तार थेट जोडून टाकली.

"आता पडतो का बगा," मी म्हणालो.

"लई गुणाचा गं माझा प्रेमानंद," असं म्हणत आत्यानं हातावर डिंकाचा लाडू ठेवला. मी तो खाल्लाही.

बाळ दहा दिवसांचं झालं तेव्हा पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. पौर्णिमा म्हणाली, "दादा, न्हाताना पाण्यातनं मुंग्या आल्यावानी होतंय."

मला त्या क्षणी सगळं कळलं. लग्नसराई होती, मांडवांची कामं अंगावर होती, आणि खड्डा खणायचा तर अख्खा दिवस जाणार होता. "बाळंतपणात अंगात रगत कमी आसतंय," मी म्हणालो. "मुंग्या यायच्याच. खजूर खा." निघताना चपला घालता घालता सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "आन् आंघुळीला लाकडी पाटावर बसत जा. फरशी गार आसती."

ती पाटावर बसू लागली. शिवाय मी सांगितलं म्हणून खजूरही खाऊ लागली.

बाळाला न्हाऊ घालायला शरणम्मा यायची. वय सत्तरीचं. माहेर सीमेपलीकडचं कानडी मुलखातलं, पण इथं नांदून पन्नास वर्षं झालेली. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली आहेत, माझी लेक भाग्यश्रीसुद्धा. शरणम्मा भुईवर बसते, पाय लांब सोडते आणि नडग्यांवर बाळाला पालथं घेते. पाटावर बसून ते जमत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझ्याच घरात मी ते सव्वा महिना पाहिलं होतं.

त्या सकाळी तिनं बाळाला तेल चोळलं, डाव्या हातानं धरलं आणि उजव्या हातातला तांब्या धारेखाली नेला. पौर्णिमा दारातच उभी होती. ती सांगते, अम्मा एकदम ताठ झाली, तांब्या उडाला, पाय आखडले आणि बाळ फरशीवर गेलं.

मी आरडाओरडा ऐकून पोचलो तोवर सगळे बाळाला घेऊन नळदुर्गच्या दवाखान्याकडे धावले होते. शरणम्मा एकटीच पायरीवर बसली होती, ओल्या लुगड्यात.

"हात सुटला रे माझा, प्रेमानंदा," ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याच्या अंगावरनं वारं गेलं तवा त्येंचंबी आसंच झालतं. समदं अंग एकदम गेलं."

मी आत जाऊन नळाला टेस्टर लावला. दिवा लागला. माणूस वाचावा म्हणून जी तार मी नळाला बांधली होती, तिनंच नळात वीज आणली होती. मी मेन स्विच बंद केला, शॉवर उतरवून पिशवीत घातला, तार काढली आणि ट्रिप स्विच पुन्हा जागेवर जोडला. माझे हात इतक्या झपाझप कधी चालले नसतील. बाहेर आलो तर ती अजून आपला तळवा उलटासुलटा करून पाहत होती.

"वय झालं, अम्मा," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ वेडंवाकडं बोललो आहे. पण ह्या तीन शब्दांइतकं नीच काही बोललो नाही.

बाळ वाचलं. कपाळावर टेंगूळ आलं, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि घरी सोडलं. शॉवर भंगार निघाला, तुमचा बंबच बरा, असं मी आत्याला सांगितलं. तिनं मान डोलावली. तिचं सगळं ध्यान बाळाकडे होतं.

पुढं गावानं आपलं काम केलं. शरणम्माचा हात गेला, तिनं मथुराबाईचा नातू पाडला, हे घरोघर झालं. जिथं ती जात होती तिथून निरोप आले, येऊ नका म्हणून. एकदा हायवेवरच्या हॉटेलात ती मला दिसली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होती. मी गाडी थांबवली नाही.

दोन महिने असे गेले. मग भाग्यश्रीला सातवा लागला आणि आम्ही तिला घरी आणलं. दुपारी जेवताना माझी बायको गुलाब म्हणाली, "न्हाऊ घालायला नळदुर्गची एक बाई हाय म्हनं. शरणम्माला न्हाय बोलवायचं. तिच्या हाताचा आता भरवसा न्हाय."

भाग्यश्री समोरच बसली होती. मी ताट सरकवलं आणि ओरडलोच, "तिच्या हाताला कायबी झालेलं न्हाय! करंट व्हता! म्या सोडलेला करंट!"

मग सगळं सांगितलं. नळ, स्विच, खजूर, पाट. भाग्यश्री पोटावर हात ठेवून ऐकत होती. माझं झाल्यावर गुलाब उठली, माझं ताट उचललं आणि म्हणाली, "हे मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला जाऊन सांगा."

शरणम्मानं दारातच उभं राहून ऐकलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "त्या दिवशी तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"मग चल. जितं माझं नाव खराब झालं, तितं बोल."

पौर्णिमा अजून माहेरीच होती. आत्याच्या ओसरीवर मी उभ्यानंच बोललो. आत्या ऐकता ऐकता उठून आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. पौर्णिमा माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"म्हंजे मला पाटावर बसवलंस," ती म्हणाली, "आन् माझ्या लेकराला भुईवर न्हाऊ दिलंस."

दादा म्हणाली नाही. मी मान खाली घातली.

तिनं आतून बाळाला आणलं. गुटगुटीत झालं होतं. ती शरणम्मासमोर बसली आणि रडत म्हणाली, "अम्मा, चुकलं आमचं. घ्या ह्याला. उद्यापासनं या."

शरणम्माचा चेहरा फुलला. तिनं दोन्ही हात पुढं केले. ते अर्ध्यावर आले आणि थरथरायला लागले. तिनं पुन्हा प्रयत्न केला, ओठ घट्ट आवळून. बाळानं पाय झाडला तशी ती दचकून मागं सरली आणि तिनं हात पदराखाली घेतले.

मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता.

"खरं बोललास, प्रेमानंदा, ब्येस केलंस. समद्यांना कळलं," ती म्हणाली. "पन आता ह्या हातांना कोन समजावनार?"