आठवड्याच्या गोळ्या

सकाळी अकरा ते एक या वेळात कोणत्याही दवाखान्याच्या वॉर्डात गेलात तर तुम्हाला बसायला जागा मिळणार नाही आणि उभं राहिलात तर कोणाच्या तरी वाटेत याल. घरी जाणाऱ्यांना जायची घाई, नव्याने येणाऱ्यांना खाट रिकामी होण्याची घाई आणि या दोघांच्या मध्ये सापडलेल्या सिस्टरची तारांबळ. आपण सगळेच कधी ना कधी त्या गर्दीत उभे राहिलो आहोत. खाली गाडी थांबलेली असते, हातात गोळ्यांची पिशवी असते, सिस्टर भराभर काहीतरी सांगत असते आणि आपण मान डोलवत असतो. काय सांगितलं, ते घरी जाऊन बघू, असं मनात म्हणत असतो.

या गोष्टीतल्या सिस्टरला वॉर्डात सगळे काटा सिस्टर म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. सोनाराच्या तराजूचा काटा जसा कणभरही चुकत नाही, तसं तिचं काम. एकोणीस वर्षांत तिच्या हातून औषधाची एकही चूक झाली नव्हती. नाव विचारल्याशिवाय आणि मनगटावरची पट्टी वाचल्याशिवाय ती पेशंटला साधी तापाची गोळीही देत नसे. हृदयाची गोळी देण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. इन्सुलिन भरलं की दुसऱ्या सिस्टरला सिरिंज दाखवायची, मगच टोचायची. रक्त पातळ करणारं औषध असेल तर हिरड्यांतून रक्त येतंय का, हे आधी विचारायची. नव्या मुली तिच्यासमोर ब्र काढत नसत. "योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ," या पाच गोष्टी ती त्यांच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेई की त्या पोरी जेवतानाही एकमेकींना विचारत, "योग्य डबा उघडलास ना गं?"

त्या दिवशी तिला सहा जणांना घरी सोडायचं होतं. चौथे होते शिंपीकाका. सत्तरीला आलेले, बोटांचे सांधे सुजून वाकलेले. सुई धरता येईना म्हणून आले होते आणि सूज उतरल्यावर वॉर्डातल्या चादरीचा फाटका काठ स्वतः शिवून देऊन निघाले होते. सांध्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना एक नवी गोळी लिहून दिली होती. फार गुणाची, पण फार कडक. आठवड्यातून फक्त एकदा, रविवारी घ्यायची. दोन महिन्यांच्या मिळून आठ गोळ्या एका छोट्या पाकिटात होत्या. कार्डावर सगळं लिहिलेलं होतं, पण डॉक्टरी अक्षरात.

काटा सिस्टर एका कानाला फोन लावून होती. पलीकडे रक्तपेढीचा माणूस होता. तिने पाकीट काकांना न्यायला आलेल्या त्यांच्या बायकोच्या हातात दिलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "काकू, या आठवड्याच्या गोळ्या. एकेक द्यायची, जेवणानंतर. चुकवायची नाही अजिबात. समजलं ना?"

"हो, समजलं," काकू म्हणाल्या.

सिस्टरने कार्डावर सही केली आणि पाचव्या पेशंटकडे वळली.

नवव्या दिवशी सकाळी काका-काकू पुन्हा आले. काकांना तोंड आलं होतं. साधं नाही, ओठांपासून घशापर्यंत सोलून निघालेलं. पाणी गिळतानाही त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हातांवर लाल ठिपके उठले होते आणि अंगात ताप होता. काकूंनी मात्र सिस्टरला पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. ओळखीचं माणूस भेटलं. त्यांनी पिशवीतून रिकामं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं.

"बघा सिस्टर, एकही चुकवली नाही. पाचव्या दिवसापासून नको म्हणत होते, तोंड जळतंय म्हणत होते. मी ऐकते का? गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने पाजली. काल आठ दिवस पुरे झाले. आता पुढच्या आठवड्याच्या द्या, म्हणजे खंड नको पडायला."

काटा सिस्टरने पाकीट हातात घेतलं. आत खरंच काही नव्हतं. दोन महिन्यांचं औषध आठ दिवसांत पोटात गेलं होतं. आपण आठवड्याला आठ दिवसच म्हणतो. आठ दिवसांनी या, आठ दिवस थांबा. आठवड्याच्या गोळ्या म्हणून दिल्या, त्या निघाल्या आठ, मग काकूंना शंका यावी तरी कशाची?

काकांना ताबडतोब दाखल केलं. त्या गोळीने त्यांच्या हाडांतलं रक्त बनवण्याचं कामच बंद पाडलं होतं आणि त्यांची मूत्रपिंडं आधीच मंदावलेली, त्यामुळे औषध अंगाबाहेर पडेना. त्यावर उताऱ्याची इंजेक्शनं असतात. ती दर सहा तासांनी द्यायची होती आणि काटा सिस्टरने तिच्या पाळीतलं एकही दुसऱ्या कोणाला देऊ दिलं नाही. दर वेळी ती नाव विचारी, पट्टी वाची. तिसऱ्या दिवसापासून काकांना नाव सांगता येईना. ते नुसते मनगट पुढे करत. सुई धरणारी ती वाकडी बोटं पाहिली की तिला पुढचं दिसेनासं व्हायचं.

दाखल केल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी काका गेले. काकू रडल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसून स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते नको म्हणत होते. मीच पाजली."

सिस्टर शेजारीच उभी होती. ती सलाईनची नळी काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी एक फॉर्म भरायचा होता. औषधामुळे अनर्थ झाला की तो भरावा लागतो. वॉर्डचे तरुण डॉक्टर पेन घेऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "सिस्टर, कारण काय लिहू? नातेवाइकांनी चुकीच्या मात्रेत औषध दिलं, हेच ना? तुम्ही सांगितलं होतं, कार्डावर लिहिलेलंही होतं. लोकांना दहादा सांगा, कळतच नाही. इथे सही करा."

सिस्टरने पेन हातात घेतलं. खोटं काहीच नव्हतं. काकूंनीच दिल्या होत्या. तिने सांगितलंही होतं. एका सहीने सगळं मिटणार होतं आणि एकोणीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. तरी पेन टेकेना.

"उद्या करते," ती म्हणाली आणि उठून मेट्रनबाईंच्या खोलीत गेली.

मेट्रनबाई निवृत्तीला आल्या होत्या. गुडघे दुखत म्हणून पाय स्टुलावर ठेवून बसत आणि तिथूनच सगळा दवाखाना हाकत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सांत्वन केलं नाही, रागावल्याही नाहीत. "त्या दिवशी तू काय बोललीस ते सांग," त्या म्हणाल्या. "अर्थ नको सांगूस. शब्द सांग."

सिस्टरने सांगितले. "काकू, या आठवड्याच्या गोळ्या. एकेक द्यायची."

मेट्रनबाईंनी दारातून जाणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशींच्या हातात फरशी पुसायचा फडका होता. बाईंनी कपाटातून काकांच्याच औषधाच्या गोळ्यांची पट्टी काढून विचारलं, "मावशी, समजा मी तुम्हाला म्हटलं, या आठवड्याच्या गोळ्या, एकेक घ्या. तर कशा घ्याल?"

"रोज एक," मावशी म्हणाल्या. "आठवडाभर पुरतील ना."

मग नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाला बोलावलं. तो शिकलेला, चष्मा लावणारा. त्याने जरा विचार केला. "म्हणजे या चालू आठवड्याच्या. पुढच्या आठवड्याच्या वेगळ्या मिळतील. रोज एक."

शेवटी शिकाऊ नर्सला बोलावलं. तिने पट्टीवरचं नाव वाचलं आणि लगेच म्हणाली, "आठवड्यातून एकदा, बाई."

"हिला कळलं," मेट्रनबाई म्हणाल्या, "कारण हिला आधीच माहीत होतं. ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल अशा भाषेत आपण बोलतो आणि वर म्हणतो, लोकांना कळत नाही."

"पण बाई, मी विचारलं होतं," सिस्टर म्हणाली. "समजलं ना, असं विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या."

"चाळीस वर्षं मी हेच विचारत आले. त्याला 'नाही' म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. पांढऱ्या कपड्यातल्या माणसापुढे, मागे रांग लागलेली असताना, कोण म्हणेल मला समजलं नाही म्हणून? आणि त्या बाईंना तर समजलंच होतं. वेगळं समजलं होतं. ते तुला त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कसं कळणार?" बाईंनी पाय स्टुलावरून खाली घेतले. "तू इथे पाच गोष्टी तपासतेस. पेशंट घरी गेला की त्या कोण तपासणार? घरातलीच कोणीतरी बाई, नाहीतर पोरगा, नाहीतर पेशंट स्वतः. तीच तिथली नर्स. आपण त्यांना ड्युटी लावून मोकळे होतो. नव्या मुलीच्या हातात सिरिंज देण्याआधी तू तिच्याकडून दहादा म्हणवून घेतेस. त्या बाईंकडून एकदा म्हणवून घेतलं असतंस तर?"

सिस्टर टेबलावर डोकं ठेवून रडली. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "फॉर्मवर काय लिहायचं ते तू ठरव. पण तिकडे एक बाई बसलीय, जिला वाटतंय की आपण नवऱ्याला आपल्या हाताने मारलं. तुझ्या सहीचं काय होईल, त्याच्या आधी तिचं काय होईल, ते बघ."

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर काटा सिस्टरने स्वतःच्या हाताने लिहिलं: "औषध कसं घ्यायचं, हे मी संदिग्ध शब्दांत सांगितलं आणि नीट कळलं का, याची खात्री करून घेतली नाही." खाली सही केली. पुढे ठपका आला. वॉर्डात कुजबूजही झाली. तिने ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फॉर्म दिला त्याच संध्याकाळी ती काकूंच्या घरी गेली. दोन खोल्या. शिवणाच्या मशीनवर कापड घातलेलं, भिंतीशी कोणाचे तरी अर्धवट शिवलेले सदरे. काकूंची लेक आली होती. ती सिस्टरला दारातच हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तरी सांगा आईला. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेत नाही. गोळ्यांना हातच लावत नाही. काल चक्कर येऊन पडली."

काकू आतल्या खोलीत बसल्या होत्या. सिस्टर त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"काकू, तुमची चूक नव्हती," ती म्हणाली. "माझी होती. गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची होती. मी म्हटलं, आठवड्याच्या गोळ्या. त्याचा अर्थ तुम्हाला लागला तसाच लागतो. आमच्या मोठ्या बाईंनी दवाखान्यात तिघांना विचारून पाहिलं, दोघांनी तुमच्यासारखंच सांगितलं. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत. मी तसं लिहूनही दिलंय."

लेक दारात उभी राहून तोंडावर हात धरून रडत होती.

"पुन्हा एकदा विचारायचं होतंत मला," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं असतं ना, रोज एक देते म्हणून. तुम्ही तिथल्या तिथे थांबवलं असतंत."

"हो," सिस्टर म्हणाली.

"तुमचा राग आलाय मला. तो जाईल असं नाही वाटत."

"नको जाऊ दे."

काकूंनी पदराने डोळे पुसले. मग लेकीला म्हणाल्या, "माझा डबा आण." लेकीने गोळ्यांचा डबा आणला. काकूंनी त्यातली एक गोळी तळहातावर घेतली. "ही सकाळची," त्या सिस्टरकडे बघत म्हणाल्या, "रोज एक. जेवणाआधी घेतली तरी चालते. चक्कर आली तर न घेता आधी दाब मोजायचा. बरोबर?"

"बरोबर," सिस्टरने सांगितलं.

आता त्या वॉर्डात "समजलं ना?" असं कोणी विचारत नाही. घरी जाणाऱ्याच्या हातात पाकीट देतात, वार मोठ्या अक्षरात लिहितात आणि म्हणतात, "आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर कसं द्याल?" काही जण चिडतात. आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का, म्हणतात. काटा सिस्टर ऐकून घेते, फोन वाजत असला तर वाजू देते आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नाही.

वाचकहो, तुम्ही औषध देणारे असाल तर एवढं करा. आणि घेणारे असाल तर कोणी विचारायची वाट पाहू नका. खाली गाडी थांबलेली असली तरी, मागे रांग असली तरी, सिस्टरला थांबवा आणि म्हणा, मी सांगतो, तुम्ही ऐका. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याला अर्धं मिनिट लागतं. शिंपीकाकांच्या वाट्याला ते अर्धं मिनिट आलं नाही.