सुती असेल तर द्या

कापडाचा एक धागा ओढायचा. काडी लावायची. राख झाली तर सुती. काळी गोळी झाली तर नाही.

*

बिल्ल्यावरच्या फोटोत धुडकूचे डोळे मिटलेले आले. फोटोवाला म्हणाला, परत काढू. धुडकू म्हणाला, राहू दे.

*

अठ्ठावीस खोल्या. एक नळ. अठ्ठावीस नंबरला प्लेगच्या वर्षापासून कुलूप.

*

मयतासाठी कापड मागून निघताना दारात 'येतो' म्हणायचं नाही.

*

सुंदराने नवऱ्यासाठी आणलेल्या पांढऱ्या कापडाचा धागा ओढला आणि सगळ्यांसमोर पेटवला. राख झाली. मग ती बाजूला सरली. "आते टाका," म्हणाली.

*

"मन्हं नाव लिखू नको, धुडकूभाऊ. कापड लई जा, पन नाव लिखू नको!"

चार नंबरच्या दारात सखुबाईने हात आडवा धरला होता. दुसऱ्या हातात जुनी चादर. समोर धुडकू, कानाला पेन, काखेत नवं पावतीपुस्तक, गळ्यात तो बिल्ला.

खानदेशातून येऊन तो वीस वर्षं सुरतेतल्या नवागामच्या या गल्लीत राहत होता. लूमच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी. गुरुवारी वीज बंद, म्हणून सुट्टी. त्या दिवशी तो दारोदार सुती कापड मागायचा. लुगडं, धोतर, चादर, जुनं काहीही. मोठ्या हॉस्पिटलच्या शवगृहात ज्यांना न्यायला कोणी येत नाही, त्यांच्यावर घालायला. या शहरात कापडाचे डोंगर, पण सगळे पॉलिस्टरचे. चितेवर ते वितळतं आणि अंगाला चिकटतं. धुडकूचा धाकटा भाऊ उखा त्याच्या आधी सुरतेला आला होता. तो गेल्याची बातमी गावी पोचून धुडकू येईपर्यंत तीन दिवस गेले. कोणीतरी दया करून उखावर पॉलिस्टरची साडी घातली होती. स्मशानातल्या माणसाने जे सांगितलं, ते धुडकूने बायकोलाही कधी सांगितलं नाही.

इतकी वर्षं कोणी कोणाचं नाव विचारलं नव्हतं. प्लेगनंतर मात्र काही लोक खोट्या पावत्या घेऊन घरोघर फिरले आणि पसार झाले. म्हणून वॉर्ड ऑफिसने नियम काढला. रस्त्यावर किंवा दारात धर्मादाय म्हणून काहीही मागायचं तर परवाना, फोटोचा बिल्ला, आणि देणाऱ्याचं नाव व खोली नंबर लिहिलेली पावती. पावतीचं उरलेलं अर्धं ऑफिसात जमा. तपासणी होणार. एक पावती जरी खोटी निघाली तरी परवाना रद्द, कापड जप्त.

"कायदा शे, सखुबाई."

"कायदा तुन्हा बिल्लाले सांग. मढानं कापडनी वहीमा जित्ता मानूसनं नाव? मी काय लाइनमा हुभी राहू?"

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढच्या दारी लोकांनी त्याला पाहून कडी लावली.

संध्याकाळी तो शवगृहात गेला तेव्हा पिशवीत एकच धोतर होतं, तेही घरचं. तिथे तीन जण होते. कोणावर घालायचं, ते त्याला ठरवावं लागलं. घरी येऊन तो जेवला नाही.

*

पुढच्या गुरुवारी सखुबाईनेच हाक मारली.

"ए बिल्लावाला! लिख. भिका."

"भिका ते..." धुडकू अडखळला. भिका म्हणजे तिचा नवरा.

"सहा वरीस व्हयनात मरीसन. त्याले आते काय व्हनार शे?"

धुडकूने लिहिलं. भिका, खोली चार, चादर एक.

दिवस मावळेपर्यंत गल्लीने आपापली मेलेली माणसं बाहेर काढली. गावी विहिरीत पडलेला मुलगा. लूमच्या पट्ट्यात सापडलेला दीर. प्लेगात गेलेली सून. बाया चौकट धरून नाव सांगायच्या, दोनदा सांगायच्या, "नीट लिख," म्हणायच्या. कापड पूर्वीपेक्षा चांगलं येऊ लागलं. पेटीच्या तळातलं, अजून कोणाच्या तरी तेलाचा, तंबाखूचा वास असलेलं. गुरुवारी लूम बंद असत, त्यामुळे एका दारात घेतलेलं नाव तिसऱ्या दारात स्पष्ट ऐकू जाई.

अठ्ठावीस नंबरच्या उंबऱ्यावर दर गुरुवारी एक घडी ठेवलेली असे. धुडकूने धागा पेटवून पाहिला. सुती. कोण ठेवतं, ते कोणी पाहिलं नाही. पावतीशिवाय उचलता येत नव्हतं. बराच वेळ उभा राहून त्याने लिहिलं: उखा, खोली अठ्ठावीस. पावती कुलपात खोचली. पुढच्या गुरुवारी ती तिथे नव्हती.

*

मंगळवारी दुपारी वॉर्ड ऑफिसचा कारकून योगराज तपासणीला आला. बाप धुळ्याकडचा, जन्म सुरतेचा.

"जुओ आबा, मला हौस नाही. उपरथी ऑर्डर आहे. दरेक माणूस बघायचा."

लूमच्या आवाजाने भिंती थरथरत होत्या. धुडकू त्याच्या मागे चालत राहिला. चार नंबरला योगराज ओरडला, "भिका कोण?"

सखुबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मन्हा मालक. पाळीवर गयात."

"परत कधी?"

"पाळी सुटनी का येतीन."

पाच नंबरचा पाळीवर. सहाचाही. सात नंबरची बाई दार अर्धं उघडून म्हणाली, "रातपाळी करी उनात, निजेल शेतस. उठाडू का?" आत गोधडीला माणसाएवढा उंचवटा होता. योगराज म्हणाला, नको. अकरा नंबरला ताट वाढून झाकून ठेवलं होतं. त्याने झाकण उचललं. भाकरीतून वाफ निघत होती.

हे कोणी आधी ठरवलं नव्हतं. धुडकूने तर नाहीच.

शेवटी अठ्ठावीस नंबर. योगराजने कुलपावर बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पाहिली. "अने आ? ही खोली?"

तेवढ्यात वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत, बंद दाराच्या आत, कोणी पेला खाली ठेवावा तसा आवाज झाला.

धुडकूने डोळे मिटले.

"पाळीवर," मागून सखुबाई म्हणाली.

वीज गेली की शेडमधली माणसं बाहेर येतात, तशी ती आली. अंगावर पांढऱ्या तंतूंचा भुगा, भुवयासुद्धा पांढऱ्या. भिंतीला टेकून रांगेने उभी राहिली. योगराजने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. यातला भिका कोण, असं विचारता आलं असतं. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि उभ्या उभ्याच सगळ्या पावत्यांवर सह्या केल्या. निघताना तो 'येतो' म्हणाला नाही.

*

परवाना वर्षाचा असतो आणि एकाच माणसाचा. बायकोच्या नावावर होत नाही. माणूस गेला की संपतो.

वर्ष भरायला दोन महिने असताना धुडकू लूमपुढे उभा असतानाच खाली बसला आणि उठला नाही.

मुदत संपली त्या आठवड्यात योगराज परवाना नवा करायचा कागद घेऊन दारात आला. धुडकूची बायको सुंदरा कापडाच्या घड्या घालत होती. कपाळ मोकळं. गळ्यात धुडकूचा बिल्ला, मिटलेल्या डोळ्यांचा.

"आबा?" योगराजने विचारलं.

चुलीपाशी एक ताट झाकलेलं होतं.

"पाळीवर गयात," सुंदरा म्हणाली.

पलीकडे लूम चालू होते. योगराज थोडा वेळ तो आवाज ऐकत राहिला.

"सही लागेल त्यांची."

"तूच लिख, भाऊ. तुले लिखता येस."

तो उंबऱ्यावर टेकला. कागद मांडीवर घेतला. धुडकूचं नाव सावकाश, नीट लिहिलं. सुंदराने पुढच्या कापडाचा धागा ओढला.

परवाना पहिल्यांदा मिळाला त्या दुपारी, वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर बसून, धुडकूने पावती क्रमांक एक स्वतःच्या नावाने फाडली होती: सुती धोतर, एक.